पाठीचा बाक आणि जगण्याचे माप

शाळा सुरू झाली की तुमची उंची आणि वजन मोजतात. भिंतीला पाठ टेकवून उभे राहायचे, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, आकडा आरोग्य पत्रकात लिहायचा, की काम झाले. जी पाठ भिंतीला टेकवली, तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या पाठीकडेही योग्य वयात दोन मिनिटे नीट पाहिले पाहिजे. आणि जे दिसेल त्यावरून कोणाला हिणवता कामा नये. ही दोन्ही कामे शाळेची आहेत. पहिले सोपे आहे, दुसरे अवघड आहे. मी डॉक्टर नाही, पदार्थविज्ञान शिकवतो. पण या प्रश्नात कोन आहे, भार आहे, मापन आहे आणि मापनातील चूकही आहे. तेव्हा त्याविषयी चार शब्द सांगण्याचा मला थोडा अधिकार पोचतो, असे समजतो.

कणा वाकतो म्हणजे काय होते?

मानेपासून कमरेपर्यंत आपल्या कण्यात २४ सुटे मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. बाजूने पाहिले तर निरोगी कण्यालाही बाक असतोच, आणि तो असावाच लागतो. त्यामुळे चालताना बसणारे हादरे झेलले जातात. मागून पाहिले तर मात्र कणा गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ दिसतो. काही मुलामुलींत वाढीच्या वयात तो डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. कधी इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, तर कधी 'एस'सारखा. याला स्कोलिओसिस म्हणतात. 'वाकडा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. मराठीत त्याला पाठीच्या कण्याची पार्श्ववक्रता म्हणता येईल.

हा नुसता बाक नसतो. बाकाबरोबर मणके स्वतःभोवती थोडे फिरतात, म्हणजे कण्याला पीळ पडतो. छातीच्या भागातील मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने त्याही फिरतात. म्हणून एका बाजूचा खवाटा वर येतो, एक खांदा उंच दिसतो, कमरेची एक बाजू सरळ तर दुसरी खोल दिसते. घरात हे पुष्कळदा सर्वांत आधी शिंप्याच्या लक्षात येते. झग्याचा घेर एकीकडे वर जातो, आणि शिंपी म्हणतो, "माप बरोबर आहे, पण अंगावर बसत नाही."

दहा ते सोळा या वयातील शंभर मुलांत सुमारे दोन ते तीन जणांचा कणा दहा अंशांहून अधिक वळलेला आढळतो. म्हणजे चारशे विद्यार्थ्यांच्या शाळेत आठ ते बारा जण झाले. यातील बहुतेकांना कसलाही त्रास होत नाही व उपचारही लागत नाहीत. तीस अंशांच्या पुढे गेलेला बाक हजारात एक ते तिघांत सापडतो. लहान बाक मुलगे व मुली यांच्यात जवळजवळ सारख्याच प्रमाणात असतो. वाढत जाणारा, मोठा बाक मात्र मुलींमध्ये कितीतरी पटीने जास्त दिसतो.

दप्तराचा दोष नाही, बसण्याचाही नाही

पाठ वाकडी दिसली की घरातील पहिले वाक्य ठरलेले असते. "ताठ बस गो! किती वेळा सांगायचे?" दुसरा दोष दप्तराला दिला जातो. दप्तर हलके हवेच. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणाने ते विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे असे म्हटले आहे, कारण जड दप्तराने पाठ व खांदे दुखतात. परंतु दप्तरामुळे किंवा पोक काढून बसल्यामुळे स्कोलिओसिस होतो, असे दिसून आलेले नाही. एका खांद्यावरच्या ओझ्याने शरीर कलते, ते ओझे उतरवले की सरळ होते. स्कोलिओसिसचा बाक ताठ बसून जात नाही.

मग तो होतो कशाने? काही मुलांत मणके जन्मतःच अपुरे घडलेले असतात, काहींत पोलिओसारख्या रोगाने किंवा स्नायूंच्या विकाराने एका बाजूचे बळ कमी झालेले असते. पण शंभरातील सुमारे ऐंशी रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा आहे एवढे निश्चित. म्हणजे आईने घागर उचलायला लावली, मुलीने वाकून अभ्यास केला, यातले काहीच कारण नव्हे. ही गोष्ट मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण ज्या मुलीने काही चूक केली नाही तिला वर्षानुवर्षे त्याचा जाब द्यावा लागतो.

कारण ठाऊक नसले तरी बाक वाढतो कसा, हे पुष्कळसे समजले आहे. शिडाच्या गलबताची डोलकाठी आठवा. ती सरळ उभी राहते ती दोन्ही बाजूंनी ताणलेल्या दोरांमुळे. कण्याला असे दोर म्हणजे स्नायू. १७४४ साली ऑयलर या गणितज्ञाने उभ्या खांबाविषयी एक नियम मांडला. जाडी तीच ठेवून खांबाची उंची दुप्पट केली, तर तो वाकवायला पूर्वीच्या एक चतुर्थांश भार पुरतो. कणा हा काही लोखंडी खांब नव्हे, त्यामुळे सूत्र जसेच्या तसे लागू पडणार नाही. पण बारा-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते तोच काळ नाजूक का, याची कल्पना त्यावरून येईल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. वाढणाऱ्या हाडावर दाब जास्त पडला की त्याची वाढ मंदावते, दाब कमी झाला की ती जोर धरते. कणा एकीकडे वळला की आतल्या बाजूला दाब वाढतो, बाहेरच्या बाजूला कमी होतो. परिणामी मणका पाचरीसारखा होत जातो. पाचरीमुळे बाक वाढतो, आणि बाक वाढल्यामुळे पाचर वाढते. हे चक्र उंची वाढायची थांबेपर्यंत चालू शकते. म्हणून या विकारात वेळेला फार किंमत आहे. आपल्याकडे "गणपतीला मुंबईचे काका आले की दाखवू" असे म्हणून सहा महिने सहज जातात. चाळिशीतल्या माणसाच्या पाठदुखीला सहा महिने थांबता येईल. बारा वर्षांच्या मुलीचे तेच सहा महिने तिच्या वाढीचे सर्वांत वेगाचे असू शकतात. देवळात गाऱ्हाणे घालायला कोणाची हरकत नाही, पण क्ष-किरण चित्रही त्याच आठवड्यात काढावे. हाडवैद्याकडून कणा मोडून सरळ करून घेण्याचा खटाटोप मात्र करू नये.

कोनाचा आकडा

क्ष-किरण चित्रावर बाक मोजण्याची रीत अमेरिकन शल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. बाकाच्या वरच्या टोकाला सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाला सर्वांत कललेला मणका घ्यायचा, त्यांच्या कडांना समांतर रेषा काढायच्या व त्यांतील कोन मोजायचा. तोच कॉब कोन. ढोबळ मानाने, वाढ चालू असताना कोन २५ अंशांपेक्षा कमी असेल तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान पट्टा, म्हणजे ब्रेस, देतात. ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. वाढ पूर्ण होताना तीस अंशांच्या आत असलेला बाक पुढे सहसा वाढत नाही. पन्नासच्या वरचा बाक मोठेपणीही वर्षाला सरासरी एक अंशाच्या आसपास वाढत राहू शकतो. फुफ्फुसांना जाणवण्याइतका अडथळा साधारणपणे छातीच्या भागातील ७०-८० अंशांच्या बाकाने होतो.

आता प्रयोगशाळेत शिकलेला एक नियम इथे आठवा. कोणत्याही मापनात चूक असते. एकच चित्र दोन डॉक्टरांनी मोजले, किंवा एकाच डॉक्टरने दोनदा मोजले, तर कॉब कोनात सुमारे पाच अंशांपर्यंत फरक येऊ शकतो. म्हणजे मागच्या वेळी २२ होता आणि या वेळी २५ आला, तर बाक वाढला असे म्हणता येत नाही. पण घरात हे कोणी समजावून सांगत नाही. त्या तीन अंशांनी आईचा डोळा लागत नाही, आणि मुलगी आरशासमोर उभी राहून स्वतःला मोजत बसते. लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण वीस आंदोलने मोजतो, एका आंदोलनावर विसंबत नाही. तोच विवेक घरच्या मुलीच्या बाबतीत दाखवावा.

आकड्यात न मावणारे

समजा, आठवीतली एक मुलगी आहे. तिचा बाक तीस अंशांचा आहे. तिची पाठ क्वचितच दुखते. ती धावू शकते, पोहू शकते, गणित सोडवू शकते. तरीही ती खेळाच्या तासाला पोटात दुखते असे सांगून वर्गात बसते. स्नेहसंमेलनाच्या नाचात भाग घेत नाही, कारण पोशाख पाठीला घट्ट असतो. ओढणी एका विशिष्ट खांद्यावरूनच घेते. फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. घरी पाहुणे आले की "हिचे पुढे कसे व्हायचे?" हा प्रश्न तिच्या देखत विचारला जातो. तिच्या अडचणींपैकी कितीशा कण्याच्या आहेत आणि कितीशा तुम्हीआम्ही निर्माण केलेल्या आहेत, हे तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांनाही हे उमगले आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या स्कोलिओसिस संशोधन संस्थेच्या नावाने २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात पाच गोष्टी विचारतात: हालचाल व कामे कशी जमतात, वेदना किती, स्वतःच्या रूपाविषयी काय वाटते, मन कसे आहे आणि उपचारांविषयी समाधान आहे का. कोन आणि या प्रश्नावलीतील गुण यांचा मेळ ढोबळच बसतो. मोठा बाक असूनही हसतखेळत जगणारी मुले असतात, आणि लहानशा बाकानेही खचलेली असतात. जगणे कसे चालले आहे हे क्ष-किरण चित्रावर दिसत नाही. ते विचारावे लागते.

पुढे काय होते, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. अमेरिकेतील आयोवा येथे १९३२ ते १९४८ या काळात निदान झालेल्या आणि उपचार न घेतलेल्या ११७ रुग्णांची पन्नास वर्षांनंतरची स्थिती २००३ साली प्रसिद्ध झाली. समवयस्कांपेक्षा त्यांची पाठ अधिक दुखत होती आणि रूपाविषयीची खंत काहींच्या मनात होती. पण बहुतेक जण आपापले उद्योगधंदे आणि संसार नीट करत होते. 'हिचे पुढे कसे व्हायचे' याचे हे उत्तर आहे. आणखी एक उदाहरण तुम्हाला आवडेल. २००९ साली बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे. त्यावरून प्रत्येकाने विक्रम करावा असे नव्हे. पण खेळाच्या तासाला वर्गात बसण्याचे कारण नाही, एवढे तरी पटावे.

आपल्या किनाऱ्यावर किती माड सरळ आहेत, ते पाहा. कित्येक समुद्राकडे कललेले आहेत, आणि नारळ त्यांनाही लागतात. कललेला माड तोडावा असे कोणी म्हणत नाही.

पट्टा आणि मालवणचा मे महिना

पट्टा उपयोगी पडतो का, यावर पुष्कळ वर्षे वाद होता. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक पन्नास अंशांच्या आत राहिला, तर यश मानले होते. पट्टा वापरणाऱ्यांत ते शंभरात ७२ जणांना मिळाले, न वापरणाऱ्यांत ४८ जणांना. जे रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा अधिक वेळ पट्टा घालत, त्यांच्यात ते ९० च्या वर गेले. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. पट्टा कामाचा आहे. आणि पट्ट्याशिवायही जवळजवळ निम्म्यांचे निभावते, म्हणून तो कोणाला द्यायचा हे तज्ज्ञानेच ठरवावे.

पण तेरा तास पट्टा घालणे म्हणजे काय? छातीपासून कमरेपर्यंत कठीण प्लॅस्टिकचे कवच. थंड हवेच्या देशात ते एक वेळ सुसह्य. आपल्या दमट किनाऱ्यावर, मे महिन्यात, वीज गेलेली असताना ते अंगावर ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. घामाने कातडी लाल होते, खाज सुटते. आत शिवण नसलेली सुती गंजी घालून ती दिवसातून दोनदा बदलली, कातडी कोरडी ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. त्यासाठी शाळेने काय द्यावे? कडी असलेली एक खोली आणि गंजी बदलण्यासाठी पाच मिनिटे. पंख्याखालची जागा. खेळाच्या तासाला पट्टा काढून खेळण्याची मोकळीक. आणि वर्गात कोणी त्या कवचावर टकटक करून हसणार नाही, याची हमी. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. पण त्या मिळाल्या नाहीत, तर मुलगी शाळेत जाताना पट्टा घरीच काढून ठेवते, आणि तेरा तासांचे सात होतात. म्हणजे वर्गातले हसणे शेवटी क्ष-किरण चित्रावर उमटते.

तपासणी करावी की नाही?

तपासणीची रीत जुनी व सोपी आहे. तिची कथाही वेधक आहे. इग्वानोडॉन या महाकाय प्राण्याचे दात ओळखून १८२५ साली त्याला नाव देणारे इंग्रज भूशास्त्रज्ञ गिडिअन मँटेल १८४१ साली घोडागाडीच्या अपघातात सापडले. पुढे मरेपर्यंत त्यांनी पाठीच्या वेदना सोसल्या. १८५२ साली त्यांच्या मृत्यूनंतर कण्याची तपासणी झाली, तेव्हा तो वळलेला व पिळलेला आढळला. ती पाहणाऱ्या विल्यम ॲडम्स या शल्यविशारदांनी पुढे १८६५ मध्ये सांगितले की, माणूस पुढे वाकला म्हणजे हा पीळ सर्वांत स्पष्ट दिसतो. आजही तेच करतात. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून कमरेतून पुढे वाकायचे. मागून पाठीच्या पातळीत डोळा नेऊन पाहायचे. एक बाजू वर आली का? पाठीवर आडवी धरलेली पट्टी सात अंश किंवा अधिक कलली तर डॉक्टरांना दाखवावे. सात अंश म्हणजे किती? स्पर्शज्या सारणी काढा. २० सेंटिमीटर रुंदीवर सुमारे अडीच सेंटिमीटर चढ. गवंड्याची लेव्हल आणि एक फूटपट्टी एवढ्यावर काम भागते. मात्र ही तपासणी पालकांच्या संमतीने, आडोशाच्या खोलीत, मुलींची बाईंनी किंवा परिचारिकेनेच करावी. आणि वर्गात आकडा वाचून दाखवू नये.

या तपासणीवर आक्षेपही आहेत, ते लपवणे योग्य नव्हे. लहानसहान बाकासाठी मुलांना विनाकारण डॉक्टरकडे धाडले जाते, क्ष-किरण घ्यावे लागतात, घरचे घाबरतात. अमेरिकेच्या एका सरकारी तज्ज्ञमंडळाने २००४ साली सरसकट तपासणीविरुद्ध मत दिले; २०१८ साली ते बदलून, निर्णय देण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले. उलट तिथल्याच अस्थितज्ज्ञांच्या संस्थांनी मुलींची दहाव्या व बाराव्या वर्षी आणि मुलग्यांची तेराव्या किंवा चौदाव्या वर्षी एकदा तपासणी करावी, असे सुचवले.

मला वाटते, आपल्याकडे पारडे तपासणीच्या बाजूने झुकते. ज्या देशात प्रत्येक मुलाला ठरलेला डॉक्टर आहे व तो दर वर्षी पाहतो, तिथे शाळेने पाहिले नाही तरी कोणी तरी पाहतो. आचरा, देवबाग किंवा वायरीच्या मुलीची पाठ कोण पाहणार? बारा वर्षांच्या मुलीची पाठ आईलाही क्वचितच दिसते. नेमका तोच लाजेचा काळ असतो आणि तोच वाढीचा. निदान होते तेव्हा बहुधा वाढ संपलेली असते. मग पट्ट्याचा उपयोग उरत नाही, आणि मुंबईच्या किंवा बांबोळीच्या रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

यंत्रणा नव्याने उभारायलाही नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. त्याची पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. मूळ यादीत तीस व्याधी आहेत. त्यांत जन्मतः वाकडे पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे. वाढीच्या वयातील पार्श्ववक्रता स्वतंत्रपणे नाही. पथक डोळे, दात, हृदय पाहतेच. एकदा पुढे वाकायला सांगण्यास अर्धे मिनिट लागेल. सिंधुदुर्गनगरीला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संशयित मुलांना पाठवायला आता जिल्ह्याबाहेर जायची पहिली पायरी उरलेली नाही.

शिक्षक मित्रांना माझी विनंती अशी: येत्या जूनमध्ये सहावी ते नववीच्या आरोग्य पत्रकात उंची-वजनाशेजारी 'पाठ' असा एक रकाना वाढवा. पथक आले की तेवढे पाहून घ्या. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वर्गात कोणी पट्टा घालून आले, तर त्याविषयी एकदाच, सरळपणे विचारा. मग खेळायला बोलवा. पट्टा काढायला आणि पुन्हा बांधायला दुसऱ्याचा हात लागतो. तो हात तुमचा असू द्या.